पत्र्यातून गोल तबकडी कापताना

माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी चंद्रकोरीसारखा एक व्रण आहे. मी भिंतीवरच्या घड्याळांच्या तबकड्या बनवते, पत्र्याच्या. कधी ॲल्युमिनियम, कधी पितळ, बहुतेक वेळा साधं माइल्ड स्टील. आजवर दोनशेच्या वर तबकड्या कापल्या असतील. हात कापला तेव्हा मी तिसरी की चौथी तबकडी करत होते. कापून झाली होती, छान गोल आली होती, फक्त मधलं भोक राहिलं होतं. डाव्या हातानं तबकडी फळीवर दाबून धरली आणि उजव्या हातात ड्रिल घेतलं. बिट आरपार जाता जाता पत्र्यात अडकलं आणि तबकडी बिटाबरोबर गरकन फिरली. ट्रिगर सोडायला मला अर्धा सेकंदही लागला नसेल. तेवढ्यात धार अंगठ्याच्या बुडातून गेली होती. टाके पडले, आणि तिथली कातडी पुढे कित्येक महिने बधिर होती.

त्या दिवसापासून कामाचा क्रम बदलला. आता मधलं भोक आधी, गोल कापणं नंतर. आणि मोटर चालू असेल तेव्हा पत्रा धरायचं काम हाताकडे नाही. ते क्लॅम्पकडे, बोल्टकडे, प्लायवुडकडे. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरण म्हणून माझी नेहमीची तबकडी घेऊ: २०० मि.मी. व्यास, १ मि.मी. जाड माइल्ड स्टील, मध्ये ८ मि.मी.चं भोक. वजन जेमतेम २५० ग्रॅम भरतं. पण परीघ ६२८ मि.मी., म्हणजे दोन फुटांहून लांब नवी कोरी धार. कापलेल्या पत्र्याला हात लावताना मी ही लांबी आठवते.

जाडी आधी मोजा, व्हर्निअरनं. गेजच्या, म्हणजे जाडी सांगणाऱ्या क्रमांकाच्या, आकड्यावर विसंबू नका. ब्रिटिश वायर गेजमध्ये २० गेज म्हणजे ०.९१ मि.मी.; अमेरिकेत ॲल्युमिनियमसाठी जी मोजणी वापरतात तिच्यात २० गेज म्हणजे ०.८१ मि.मी. कोणतं हत्यार वापरायचं हे जाडीवरच ठरतं. साधारण १.२ मि.मी.पर्यंतचं माइल्ड स्टील हातकात्रीनं कापता येतं. स्टेनलेस फार चिवट, ते ०.७ ते ०.८ मि.मी.च्या पुढे कात्रीला देऊ नये. त्याहून जाड पत्रा असेल तर जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या अरुंद ब्लेडची विजेची करवत.

आखणीला घाई नको. जिथे रेघ येणार तिथे जाड मार्करनं निळा किंवा काळा पट्टा रंगवा. वाळला की त्यावर ओरखडलेली रेघ चकचकीत दिसते, पेन्सिलीसारखी पुसली जात नाही. केंद्रावर पंचाचा एक हलका ठोका द्या, पत्रा सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवून. खाली लाकूड असेल तर पंचाभोवती खळगा पडतो, आणि तो खळगा तयार तबकडीवर उजेडात दिसतो. मग डिव्हायडरचं, म्हणजे दोन्ही टोकं अणकुचीदार असलेल्या कंपासचं, एक टोक त्या खुणेत रोवून दोन वर्तुळं काढा: १०० मि.मी. त्रिज्येचं खरं आणि १०५ मि.मी. त्रिज्येचं कच्चं. भोक पाडण्याआधीच ही वर्तुळं काढायची, कारण ८ मि.मी.च्या भोकात डिव्हायडरचं टोक टेकत नाही.

आता भोक. पत्रा अजून मोठा आहे, चौकोनी आहे, त्यामुळे त्याला धरायला जागा आहे. खाली एक प्लाय, वर एक प्लाय, मधे पत्रा, आणि हे सगळं टेबलाला किमान दोन क्लॅम्पनी आवळलेलं. वरच्या प्लायला मधोमध भोक ठेवा म्हणजे पंचाची खूण दिसते. आधी ३ मि.मी.चं बिट, मग पायऱ्यांचं बिट, ज्याला स्टेप ड्रिल म्हणतात ते. वरच्या प्लायचं भोक या बिटापेक्षा रुंद हवं आणि खालच्या प्लायमध्येही त्याचं टोक उतरायला जागा हवी. साधं पीळदार बिट पातळ पत्र्यात नीट टेकत नाही. भोक तिकोनी होतं, आणि बिट पलीकडे निघताना पत्रा त्याच्या पिळावर चढतो. माझ्या अंगठ्याला जे झालं ते याच क्षणी. स्टेप ड्रिल गोल भोक पाडतं आणि अडकत नाही. तुमच्याकडे साधंच बिट असेल तर ८ मि.मी.साठी मिनिटाला सुमारे १००० फेरे पुरेत, आणि शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला दाब जवळजवळ काढून घ्या. तेलाचा एक थेंब टाका.

हातमोज्यांबद्दल इथेच सांगते, कारण यात बरेच जण गोंधळतात. कोरा पत्रा उचलताना, कात्रीनं कापताना, कापलेले तुकडे गोळा करताना धार न लागणारे हातमोजे हवेतच. पण ड्रिल, सँडर (पॉलिश पेपरनं घासायचं यंत्र), जे काही गरगर फिरतं, त्याच्यासमोर हातमोजे काढून ठेवा. फिरतं बिट हातमोज्याचा एक धागा पकडतं आणि त्यामागून बोट ओढून नेतं. सैल बाह्या, मोकळे केस, गळ्यातलं काहीही, याचंही तेच. डोळ्यांवरचा गॉगल मात्र पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या झाडलोटीपर्यंत उतरवायचा नाही. पायात बंद बूट हवेत. कापता कापता निसटलेला तुकडा उभाच पडतो, टोकावर.

१ मि.मी.च्या पत्र्याला मला सगळ्यात जवळची वाटते ती हातकात्री. मोटर नाही, ठिणगी नाही, आवाज नाही, आणि चुकलं तर तिथल्या तिथे थांबता येतं. दुहेरी सांध्याची जी कात्री मिळते, जिला एव्हिएशन स्निप म्हणतात, तिच्या मुठीच्या रंगाला अर्थ आहे. लाल मूठ डावीकडे वळत जाते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट. हिरवी उजवीकडे, काट्यांच्या दिशेनं. पिवळी सरळ कापायला. लाल मुठीनं वर्तुळ कापलं की तबकडी कात्रीच्या डाव्या अंगाला राहते. मी उजव्या हातानं काम करते, तेव्हा माझी कात्री लाल. डावखुऱ्यांना बहुधा हिरवी सोयीची पडते.

थेट रेघेवर जायचं नाही. मी २२० मि.मी.चा चौकोन कापते, मग त्याचे चारही कोपरे छाटून अष्टकोन करते, मग १०५च्या कच्च्या रेघेवरून एक फेरी मारते. आता बाहेर फक्त ५ मि.मी. रुंदीची पट्टी उरलेली असते, आणि सगळी गंमत या पट्टीत आहे. एवढी अरुंद पट्टी कात्रीपुढे आपोआप गुंडाळत बाजूला होते, तबकडीला वाकवत नाही. पट्टी रुंद ठेवली की ती अडून बसते, कात्री तिरकी होते, तबकडीची कड लाटेसारखी होते आणि हात नकळत पट्टीच्या धारेजवळ जातो. पहिल्या वर्षी माझ्या तबकड्यांच्या कडा लाटेसारख्या व्हायच्या. मी दोष कात्रीला देत होते, चूक पट्टीच्या रुंदीत होती.

रेघेत शिरताना कडेतून तिरकं, हळूच शिरा, जसं लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागतो तसं. एकदम आत वळलात तर तिथे कोपरा राहतो. कात्रीची पाती कधीच पूर्ण मिटू नका. टोकापर्यंत मिटलेली कात्री दर चाव्याला कडेवर एक बारीक काटा सोडते, आणि बोटात शिरतो तो बहुतेक हाच काटा. पात्याचा तीन चतुर्थांश भाग वापरा, उघडा, कात्री पुढे सरकवून पुन्हा घशापर्यंत, म्हणजे पाती जिथे जुळतात तिथपर्यंत, भिडवा. उजवा हात जागेवर ठेवून पत्राच कात्रीत फिरवा. डावा हात तबकडीच्या आतल्या भागावर ठेवा, कापल्या जाणाऱ्या ठिकाणापासून शक्य तितका मागे. गुंडाळलेली पट्टी लांब झाली की थांबून ती तोडा, नाहीतर ती मनगटाभोवती फिरते. रेघ अर्धी राहील असं बाहेरून कापा. पुढे घासायला तेवढं हवंच.

मुठीला पाइप लावून जोर वाढवायचा मोह होतो, किंवा हातोडीनं ठोकायचा. जोर लागत असेल तर पत्रा त्या कात्रीचा नाही, एवढंच. सांधा ढिला होतो, आणि ढिल्या सांध्याची कात्री पत्रा कापण्याऐवजी पात्यांच्या फटीत दुमडून घेते.

जाड पत्र्याला जिगसॉ. माझ्या २ मि.मी. ॲल्युमिनियमच्या तबकड्या अशाच होतात. धातूचं बारीक दातांचं बायमेटल ब्लेड हवं, इंचाला २१ ते २४ दात असलेलं. पत्र्याच्या जाडीत एका वेळी दोन-तीन दात असावेत असा नियम आहे. पातळ पत्र्यात तो कधीच पुरा होत नाही, दात कडेला अडकतो आणि सगळा पत्रा वर-खाली आपटायला लागतो. यावर उपाय पुन्हा सँडविचचाच. खाली ६ मि.मी. प्लाय, वर ४ मि.मी. प्लाय, मधे पत्रा, आणि मधल्या भोकातून बोल्ट. आधी पाडलेलं ते ८ मि.मी.चं भोक इथे कामाला येतं: त्याच बोल्टभोवती जिगसॉ फिरतो. जिगसॉच्या तळाला एक पट्टी बसवायची, तिचं दुसरं टोक बोल्टवर, मधलं अंतर १०१ मि.मी. हे अंतर बोल्टच्या मध्यापासून ब्लेडच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा, ब्लेड खातं ती जाडी तबकडीच्या बाहेर जायला हवी. तयार पट्ट्याही मिळतात. एक गोष्ट मात्र काटेकोर बघा: बोल्ट ब्लेडच्या दातांच्या अगदी काटकोनात, त्याच ओळीत हवा. तो पुढे-मागे असेल तर ब्लेड दर क्षणाला वर्तुळाबाहेर किंवा आत जाऊ बघतं, वाकतं आणि शेवटी तुटतं.

सुरुवातीला वर्तुळाच्या बाहेर, टाकाऊ भागात, १० मि.मी.चं भोक पाडून तिथून ब्लेड उतरवा. ब्लेडला पुढे-मागे झोका देणारं बटण शून्यावर. वेग कमी, स्टीलला तर फारच कमी. ब्लेडला मेण लावा. ॲल्युमिनियम दातांत चिकटतं ते मेणानं थांबतं. कानाला संरक्षण हवं, पत्रा जिगसॉखाली कर्कश ओरडतो. आणि सगळं सँडविच टेबलावर न ठेवता ५० मि.मी. जाडीच्या फोमच्या पाटावर ठेवा. ब्लेड खाली किती उतरतं ते आधी मोजून घ्या. फोममध्ये ब्लेड खुशाल चालतं, आणि मोठा फायदा शेवटच्या बोटभर कापात कळतो. फोम नसेल तर तबकडी सुटताना खाली लोंबते, ब्लेडला चिमटते आणि जिगसॉ हातात उसळतो. फोमवर ती आहे तिथेच पडून राहते.

लहान तबकड्यांना, ५०-६० मि.मी.च्या, होल सॉ चांगला, म्हणजे ड्रिलला लावायची, पेल्यासारखी, कडेला दात असलेली करवत. मधे पायलट बिटाचं सुमारे ६ मि.मी. भोक पडतं, ते तुम्हाला चालणार असेल तरच. फेरे मात्र कमी ठेवा: ५० मि.मी.च्या होल सॉला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला सुमारे १७०. जास्त वेगानं दात निळे पडून मरतात. उभ्या ड्रिल मशीनवर, क्लॅम्प लावून, तेल घालून. हातातल्या ड्रिलवर करायचंच असेल तर बाजूची मूठ बसवल्याशिवाय करू नका, दात अडकला तर मनगट पिरगळतं.

एका आडव्या दांड्यावर एकच पातं असलेलं वर्तुळ कापायचं जे हत्यार असतं, ते मी वापरत नाही. एका बाजूला जड असलेला तो दांडा फिरायला लागला की दिसेनासा होतो, आणि पात्यापासून हात किती लांब आहे हे डोळ्यांना कळत नाही. हातातल्या ड्रिलला ते कधीही लावू नये.

ग्राइंडरबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण घरात बहुतेकांकडे तोच असतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा वापर त्याचाच होतो. १२५ मि.मी.च्या कटिंग व्हीलवर कमाल वेग १२,२५० फेरे असा छापलेला असतो. त्या वेगाला चाकाची कड सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर पळते. हे १ मि.मी. जाडीचं चाक सरळ कापासाठी बनवलेलं असतं. त्याला वळवलं, कापात असताना बाजूला दाबलं, की ते तडकतं आणि तुकडे त्याच वेगानं सुटतात. म्हणून त्यानं वक्र रेघ कधीही कापू नका.

गोल कसा काढायचा मग? सरळ कापांनी. वर्तुळाला बाहेरून स्पर्श करणाऱ्या रेघा आखायच्या. १०० मि.मी. त्रिज्येला आठ काप दिले तर कोपरे वर्तुळाबाहेर ८ मि.मी. उरतात. सोळा दिले तर २ मि.मी.हूनही कमी. तेवढं फ्लॅप डिस्कनं, म्हणजे ग्राइंडरला लावायच्या पॉलिश पेपरच्या पाकळ्यांच्या चकतीनं, घासून निघतं. पत्रा क्लॅम्पमध्ये, गार्ड जागेवर, दोन्ही हात मुठींवर, गॉगलवर चेहऱ्याची ढाल, आणि शरीर चाकाच्या रेषेत न ठेवता एका बाजूला. ठिणग्या जातील तिकडे कापड, लाकडाचा भुसा, थिनर काही नको. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, भुसा उशिरा पेटतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तर ग्राइंडरला देऊच नका. जस्ताचा धूर फुफ्फुसाला वाईट, आणि तो पत्रा सहसा कात्रीनं मजेत कापला जातो.

आता कड. कात्रीनं कापलेली तबकडी आधी सपाट लोखंडावर ठेवून रबरी हातोडीनं हलके ठोकून घ्या, कडेकडून आत. मग मी प्लायच्या दोन चकत्या घेते, १९० मि.मी. व्यासाच्या, मधे ८ मि.मी. भोक असलेल्या. दोन्हींच्या मधे तबकडी, आणि बोल्टनं आवळायचं. तबकडी चारही बाजूंनी फक्त ५-६ मि.मी. बाहेर डोकावते. हाताला लागतं ते लाकूड. या चकत्यांच्या जोड्या मी २००, २५० आणि ३०० मि.मी.च्या तबकड्यांसाठी करून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यावर माझा फार जीव आहे. सगळ्यात जुन्या जोडीला पंधरा वर्षं तरी झाली.

हे सँडविच डिस्क सँडरसमोरच्या फळीवर बसवायचं, ८ मि.मी.चा तो बोल्टच खुंटीसारखा वापरून. खुंटी आणि पॉलिश पेपर यांच्यात १०० मि.मी. अंतर येईल तिथे फळीला अडसर लावा. फळी अडसराला टेकेपर्यंत सावकाश पुढे न्या, मग तबकडी एक पूर्ण फेरा फिरवा. सँडरच्या ज्या अर्ध्या भागात चाक खाली जातं तिथेच काम करा. वर येणारी बाजू तबकडी उचलते. एका फेऱ्यात कड इतकी गोल येते की हातानं तशी कधीच येणार नाही. सँडर नसेल तर हेच सँडविच बाकाच्या शिकंजात धरा आणि लांब कानशीनं कडेच्या वळणाबरोबर घासत जा. कानशीला मूठ बसवलेली हवी, उघडी शेपटी तळहातात घुसते.

एकाच सँडरवर स्टील आणि ॲल्युमिनियम एकामागून एक घासू नका. ॲल्युमिनियमची बारीक पूड साठलेली असताना स्टीलची ठिणगी पडली तर आग लागते, आणि त्या आगीवर पाणी टाकायचं नसतं. मी दोन धातूंच्या मधे सँडर पूर्ण साफ करते, धूळपिशवीसकट.

घासून झालं की कडेच्या दोन्ही बाजूंना बर, म्हणजे धातूचा बारीक धारदार कंगोरा, उरतो, नखाला न जाणवणारा पण कातडीला जाणवणारा. बारीक कानस ४५ अंशांत धरून दोन्ही बाजूंनी एकेक फेरा, आणि मधल्या भोकालाही. भोकाचा बर सगळे विसरतात.

झाडलोट हातानं नको, फुंकरीनं नको, हवेच्या नळीनं तर मुळीच नको. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेबलावरून फिरवा, मग पिशवी उलटी करून चुंबक काढून घ्या, लोखंडाचा सगळा कीस आत राहतो. ॲल्युमिनियमला ब्रश. कापलेल्या पट्ट्या गुंडाळून, टोकं आत दुमडून पत्र्याच्या डब्यात टाका. कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या तर ती पिशवी उचलणाऱ्याच्या पोटरीला लागतात.

आणि कापलंच तर वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडानं दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. बोट पूर्ण वाकत नसेल, टोकाकडे बधिर वाटत असेल किंवा दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तर लगेच डॉक्टर. पत्र्याची धार नस आणि स्नायूबंध सहज कापते आणि वरून जखम लहानच दिसते. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा झालं होतं ते डॉक्टर विचारतील, तारीख लिहून ठेवलेली असावी.

शेवटी प्लायमधून तबकडी सोडवताना मी पुन्हा हातमोजे घालते. सुती फडकं घेऊन कडेवरून हळू फिरवते, दोन्ही बाजूंनी, एकदा भोकाच्या आतूनही. कुठे बर राहिला असेल तर फडक्याचा धागा तिथे अडकतो, तिथे मार्करनं खूण करून पुन्हा कानस. फडकं पूर्ण फेरा कुठेही न अडता आलं की हातमोजे काढते आणि तबकडी पहिल्यांदा उघड्या हातात घेते.